कणीस आपल्याला, ताट गाईला : पिकांच्या अवशेषांपासून मुरघास

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय गोठ्यातला आहे. आता तुम्ही म्हणाल, पेठेत बसून गाईच्या चाऱ्यावर काय बोलताय? तर बोलायचं कारण आहे. दगडूशेठ गणपतीपासून मंडईकडे चालत निघा. वाटेत पेढे-बर्फीची दुकानं लागतात, चहाच्या टपऱ्या लागतात, आणि पावसाळ्यात भाजलेल्या कणसांच्या गाड्या. दूध येतं दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर, फलटणकडच्या गोठ्यांतून. स्वीटकॉर्नची कणसंही पुण्याच्या आसपासच्या शेतांतूनच येतात. आपण कणीस खातो, दूध पितो. पण ज्या ताटावर ते कणीस आलं, ते हिरवंगार ताट पुढे कुठे जातं?

थोडं जनावरांना ओलं घातलं जातं. पण एकरभर ताटं एकाच आठवड्यात मोकळी झाली, तर चार गाई खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली शेतात वाळतात, नाहीतर त्यांच्यावर रोटाव्हेटर फिरतो. आणि तोच शेतकरी एप्रिल-मे महिन्यात चारा विकत घेतो. आजचा भाग आहे तो या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

दुधाच्या धंद्यात खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा चारा आणि खुराक यांचा असतो. ढोबळमानाने शंभरातले साठ-सत्तर रुपये तिथेच जातात. दुसरीकडे दुधाचा दर काही शेतकऱ्याच्या हातात नाही. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, कारण मिळणाऱ्या दरात खर्चाचं तोंडमिळवणी होत नव्हती. दर आपल्या हातात नाही, पेंडीचा भाव आपल्या हातात नाही. हातात राहतो तो घरचा चारा.

त्यात आपली गाय बदलली. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, आणि संकरित गाई गावोगाव पोचल्या. खिल्लार गाय कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर तग धरते. दिवसाला दहा-पंधरा लिटर देणारी होलस्टीन संकरित गाय तसं नाही करू शकत. तिला बारा महिने सारखा, पचायला सोपा चारा लागतो. पावसाळ्यात हिरवं भरपूर आणि उन्हाळ्यात नुसता कडबा असं झालं, की पहिलं दूध उतरतं आणि मग गाय माजावर यायची थांबते. दूध परत वाढवता येतं, पण हुकलेले माज आणि लांबलेलं वेत यांचा तोटा वर्षभर पुरतो.

आणि दुष्काळाचं तर बोलायलाच नको. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये माण, खटाव, सांगोला या भागांत चारा छावण्या लागल्या होत्या. चारा साठवलेला असणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मुरघास म्हणजे नेमकं काय?

नावातच सगळं आहे. मुरवलेला घास. लोणचं मुरतं, तसाच चारा मुरतो. हिरवा चारा बारीक कापायचा, घट्ट दाबायचा, हवा कोंडायची आणि वाट पाहायची. चाऱ्यात स्वतःची साखर असते. पानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. हवा संपली की ते साखर खातात आणि आम्ल तयार करतात. आंबटपणा वाढत जातो, पीएच ४ च्या आसपास येतो, आणि मग कुजवणाऱ्या जिवाणूंचं तिथे काही चालत नाही. हवा आत शिरत नाही तोवर चारा टिकतो, अगदी वर्षभरसुद्धा.

फ्रान्सच्या ऑगस्त गोफार या शेतकऱ्यानं मक्याच्या मुरघासावर १८७७ मध्ये पुस्तक लिहिलं. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागचं मोठं काम चारा टिकवण्याच्या पद्धतीचं होतं. म्हणजे गोठ्यामागच्या बॅगेत जे चालतं, त्याला नोबेल मिळालेलं आहे, बरं का!

यातून तीन अटी निघतात. एक, ओलावा ६५ ते ७० टक्के. दोन, चाऱ्यात साखर. तीन, हवा नाही. या तीन अटी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यांवरच उभं आहे.

प्रत्येक अवशेषाचा मुरघास होत नाही

इथेच बहुतेकांची गफलत होते. "पिकाचे अवशेष" म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. खरं तर त्यांचे दोन गट आहेत.

पहिला गट हिरव्या अवशेषांचा. स्वीटकॉर्न आणि बेबीकॉर्नची ताटं, उसाचे वाढे. यांत ओलावाही आहे आणि साखरही. हे उत्तम मुरतात.

दुसरा गट कोरड्या अवशेषांचा. ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड, भाताचा पेंढा, सोयाबीन-तुरीचं भुसकट. यांत ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि साखर दाण्यात निघून गेलेली असते. "पाणी मारून दाबला तर?" असं लोक विचारतात. १०० किलो कडब्याचा ओलावा ६५ टक्क्यांवर न्यायचा तर जवळपास १५७ लिटर पाणी ओतावं लागेल. ओतलंत तरी जिवाणूंना खायला साखर कुठाय? तो आंबणार नाही, बुरसेल.

मग कोरड्याचं काय करायचं? दोन वाटा आहेत.

पहिली वाट युरिया प्रक्रियेची. १०० किलो काड किंवा पेंढा, ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थरावर थर देत सारखा शिंपडायचा, दाबायचा, ताडपत्रीनं बंद करून २१ दिवस ठेवायचा. यात तयार होणारा अमोनिया काडाचा कठीण भाग मोकळा करतो आणि पचन सुधारतं. पण हा मुरघास नव्हे. मुरघास आम्लानं टिकतो, इथे काम उलटं, अल्कलीचं आहे. खायला घालण्याआधी तासभर तरी उघडा पसरून वास जाऊ द्यायचा, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात द्यायचा नाही. युरियाचं द्रावण जनावराच्या तोंडी लागेल असं ठेवू नका, ते विष आहे.

दुसरी वाट जास्त सोपी: कोरडं हिरव्यात मिसळायचं. स्वीटकॉर्नची ताटं कणीस तोडल्या तोडल्या फार ओली असतात, ७८ टक्क्यांपर्यंत पाणी. तशीच दाबली तर तळाला पाणी सुटतं, त्यातून साखर वाहून जाते आणि घाण वासाचा मुरघास होतो. अशा १०० किलो कुट्टीत साधारण १३ किलो कडब्याची कुट्टी मिसळली, की ओलावा ७० टक्क्यांवर येतो. हिरव्याचं जास्तीचं पाणी कोरडं शोषून घेतं, आणि कोरड्याला हिरव्याची साखर मिळते. कडबा नसेल तर ताटं कापून शेतातच अर्धा-एक दिवस सुकू द्या.

उसाचे वाढे आणि ज्वारी

आपल्याकडे गाळपाचा हंगाम लागला की वाढ्यांचा पूर येतो. ऊसतोड मजूर वाढ्यांच्या पेंढ्या बांधून विकतात, आणि हंगाम संपला की एकदम टंचाई. वाढे मुरतातही छान. फक्त त्यांत ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या गाईला कॅल्शियम आधीच कमी पडतं. मुरवल्यानं ऑक्झलेट पूर्ण जात नाही असं धरूनच चला, रोजचं खनिज मिश्रण चुकवू नका आणि नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. आणि पाचट म्हणजे वाढे नव्हेत. वाळलेलं पाचट शेतातच आच्छादन म्हणून राहू द्या, जाळूही नका.

ज्वारीचं थोडं वेगळं. रब्बीच्या मालदांडीचा कडबा कोरडाच चांगला टिकतो आणि विकलाही जातो, त्याच्या मागे लागू नका. हिरवी ज्वारी मुरवायची असेल तर फुलोऱ्यानंतर, दाणा भरताना कापा. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या किंवा खोडव्याच्या ज्वारीत सायनाइडचा अंश असतो. किराळ लागून जनावर दगावतं ते यामुळेच.

करायचं कसं?

आधी चारा किती आहे ते मोजा. शेतातली १० फूट बाय १० फूट जागा आखा, तिथली ताटं कापून वजन करा आणि ४३५ नं गुणा. एकरी अंदाज मिळाला.

मग कुट्टी. कडबाकुट्टीवर अर्ध्या ते पाऊण इंचाचे तुकडे. लांब तुकडे दबत नाहीत, मधे हवा राहते.

आता ओलावा बघायचा, त्याला यंत्र नको. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. पाणी ठिबकलं तर फार ओली. गोळा लगेच विस्कटला तर फार कोरडी. गोळा हळूहळू उलगडला आणि तळहात फक्त दमट झाला, तर झालं काम.

गूळ, मीठ, ताक घालायचं का? मक्याच्या ताटात आणि वाढ्यात साखर पुरेशी असते, तिथे गुळाशिवाय अडत नाही. भुसकट-कडबा बराच मिसळला असेल, किंवा ताटं निबर झाली असतील, तर टनाला १० ते २० किलो गूळ किंवा मळी पाण्यात कालवून घाला. मीठ-खनिजं गाईसाठी आहेत, मुरण्यासाठी नाहीत. आणि दाबण्यात कसूर केली तर गूळ-ताक काही वाचवणार नाही.

दाबणं हा सगळ्याचा जीव. अर्धा फूट थर, मग दाबणं, मग पुढचा थर. बॅगेत माणसानं उतरून पायानं तुडवायचं, कडांना विशेष. खड्ड्यात ट्रॅक्टर फिरवायचा. भरायला घेतलं की त्याच दिवशी बंद करायचं. "उद्या उरलेलं भरू" म्हणून रात्रभर उघडं ठेवलं, तर तेवढ्या वेळात चारा तापतो आणि त्यातली साखर हकनाक जळते. वरून प्लॅस्टिक, त्यावर मातीच्या गोण्या किंवा जुने टायर. साधारण ४५ दिवसांनी उघडा.

खड्डा की बॅग? आधी हिशोब

समजा चार दुभत्या गाई आहेत. रोज प्रत्येकी २० किलो, फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस. ४ × २० × १२० म्हणजे ९,६०० किलो. नासाडी बारा टक्के धरा, म्हणजे सुमारे १०,७५० किलो. नीट दाबलेला मुरघास घनफुटाला १५ किलोच्या आसपास बसतो. ८ फूट रुंद, ५ फूट उंच, १८ फूट लांब खड्डा, म्हणजे ७२० घनफूट, १०,८०० किलो. हिशोब जुळला?

कागदावर जुळला. पण उघडल्यावर बघा काय होतं. रोज काढायचे ८० किलो. ८ बाय ५ चं तोंड म्हणजे ४० चौरस फूट. रोज तुम्ही जेमतेम दीड इंच पुढे सरकता. हवा मात्र त्याहून पुष्कळ आत शिरते. तोंडाचा चारा रोज तापतो, बुरसतो, आणि तुम्ही रोज बिघडलेला थर काढत राहता. तोंडावरून रोज चार ते सहा इंच तरी निघाले पाहिजेत. म्हणजे चार गाईंसाठी तोंड ४ फूट बाय ४ फुटांपेक्षा मोठं नको.

म्हणून लहान गोठ्याला ५०० किलोच्या बॅगा परवडतात. अशी बॅग चार गाईंना सहा दिवस पुरते, आणि एखादी बिघडलीच तर नुकसान तेवढ्यापुरतं. लागतील बावीस बॅगा. बॅगांचा वैरी एकच, उंदीर. भोक दिसलं की लगेच चिकटपट्टी लावा. पंधरा-वीस गाई असतील तर खड्डा किंवा जमिनीवरचा बंकर स्वस्त पडतो.

गाईपुढे किती टाकायचा?

इथे सरळ बोलतो. कणीस काढलेल्या ताटाचा मुरघास म्हणजे कणसासकट, दाणा चिकात असताना कापलेल्या मक्याचा मुरघास नव्हे. पिठूळ ताकद कणसात होती, ती आपण खाल्ली. त्यामुळे "मुरघास सुरू केला आणि दूध दुप्पट झालं" अशा गोष्टींवर जाऊ नका. या मुरघासाचं काम उन्हाळ्यात दूध टिकवणं आणि विकतच्या चाऱ्याचा खर्च वाचवणं हे आहे.

साडेचारशे किलोची गाय दिवसाला १३ किलोच्या आसपास शुष्क चारा खाते, म्हणजे पाणी वजा केलेलं वजन. दहा लिटरच्या गाईसाठी एक नमुना सांगतो. मुरघास २० किलो, त्यातून शुष्क ६ किलो. लसूणघास ५ किलो, त्यातून १. कडबा २ किलो, त्यातून १.८. पशुखाद्य ५ किलो, त्यातून ४.५. बेरीज १३.३. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमी असतात, ती लसूणघास आणि पेंड भरून काढतात. लसूणघास नसेल तर पेंड किंवा चुनी वाढवावी लागेल.

एकदम २० किलो टाकू नका. ४-५ किलोपासून सुरुवात करा आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. पोटातल्या जिवाणूंना सवय व्हावी लागते. आणि मुरघास धार काढून झाल्यावर द्या. दुधाला वास फार पटकन लागतो.

बिघडलेला मुरघास आणि पेठेतलं दूध

चांगला मुरघास पिवळसर-हिरवा, वास आंबूस, ताकासारखा. काळपट आणि जळक्या गुळाच्या वासाचा असेल तर तो तापलाय, पोषण गेलंय. उग्र, नकोसा वास म्हणजे ओलावा जास्त झाला होता. पांढरी, निळी, काळी बुरशी दिसली तर तो भाग आजूबाजूच्या हातभर चाऱ्यासकट फेका. "गाय खातेय ना" हा निकष नाही. गाभण गाईला तर बिघडलेला मुरघास गर्भपातापर्यंत नेऊ शकतो.

तापलाय का, हे कळायला इथल्या, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा उपयोग आहे. टोचायची सळई असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, तोंडापासून हातभर आत खुपसा. बाहेरच्या हवेपेक्षा आत दहा-पंधरा अंश जास्त दिसलं, तर आत हवा शिरली आहे आणि बिघाड सुरू झालाय.

आता शहरातल्या श्रोत्यांसाठी. बुरशी लागलेल्या चारा-पेंडीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. गाईच्या पोटातून ते एम-१ या रूपात दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर होते. आपण भेसळीची भीती बाळगतो, पाण्याची चौकशी करतो. पण हा दोष गवळ्याच्या मापात नाही, गाईच्या गव्हाणीत आहे. घट्ट दाबलेली बॅग म्हणूनच आपल्या घरातल्या पातेल्याशी जोडलेली आहे.

श्रोत्यांचे तीन प्रश्न

"ताटांवर फवारणी झालेली असते, चालेल का?" २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली, तेव्हापासून मक्यावर फवारण्या वाढल्या. औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. ते दिवस ताटांनाही लागू धरा. ताटं दुसऱ्याच्या शेतातून घेत असाल तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे विचारल्याशिवाय गाडी भरू नका.

"सगळी ताटं उचलली तर जमिनीला काय राहणार?" रास्त शंका आहे. जे उचललं ते शेणखतातून परत गेलं पाहिजे. ताटं विकणाऱ्यानं शेणखत मागून घ्यावं. जुन्या काळी कडबा आणि शेणखत यांची अशी देवाणघेवाण गावात चालायचीच.

"भाजीचा पाला, मटारच्या शेंगांची टरफलं मुरतील का?" एकटी नाही. फार ओली असतात. कडब्याच्या कुट्टीत मिसळा आणि पुन्हा तीच मुठीची परीक्षा घ्या. बाजारातून आणलेल्या पाल्यात प्लॅस्टिक आणि सुतळ्या असतात, त्या हातानं निवडा. गाईच्या पोटात गेलेली पिशवी बाहेर येत नाही.

तर मंडळी, या हंगामात पहिल्यांदाच करत असाल तर सगळ्या रानाचं करू नका. दोन बॅगा भरा. एक नुसत्या सुकवलेल्या ताटांची, दुसरी कडबा मिसळून. दोन्हींवर भरल्याची तारीख लिहा. पंचेचाळीस दिवसांनी उघडा, वास घ्या, गाईपुढे थोडं थोडं टाका आणि ती आधी काय संपवते ते बघा. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात खनिज मिश्रणाबद्दल बोलू.